खाज नसलेलं शहर

डॉ. सुलभा इराबत्ती यांनी उबवणपेटीतून काचेची तबकडी बाहेर काढली, झाकणावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. तबकडीत पांढरी, कापसासारखी बुरशी काठापर्यंत पसरली होती. गजकर्णाची बुरशी. झाकणावरचं नाव होतं अंबादास इराबत्ती, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

अंबादासला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं होतं. शरीरानं ते परकं म्हणून नाकारू नये यासाठी त्याला रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागत. इतरांच्या कातडीवर वरवर राहणारी ही बुरशी त्याच्या पोटरीत खोल उतरली होती आणि तिथं गाठी झाल्या होत्या. ती अशीच आत शिरत राहिली तर त्याचा जीव जाणार होता. आणि हे सगळं त्या सोलापुरात, जिथं गेल्या चार वर्षांत गजकर्णाचा एकही नवा रुग्ण नोंदला गेला नव्हता. 'गजकर्णमुक्त जिल्हा' अशी कमान उभारायची तयारी सुरू होती. सुलभाबाईंना त्या कमानीवर काळं फासावंसं वाटत होतं.

एकेकाळी हेच शहर खाजवून खाजवून हैराण झालं होतं. सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा, अंगभर घाम आणि औषधाची आपली ती नामी पद्धत. मेडिकलवाल्याकडून तीन औषधं एकत्र घातलेलं मलम आणायचं, घरभर एकच ट्यूब फिरवायची आणि एकच पंचा सगळ्यांनी अंगाला पुसायचा. खाज थांबली की रोग गेला असं समजून ट्यूब फ्रिजवर ठेवून द्यायची. अर्धमेली बुरशी त्यातून तावून सुलाखून पुन्हा उभी राहायची. असं होता होता बुरशीत औषधरोध आला आणि एकही औषध लागू पडेनासं झालं. मग बाजारात मौनलेप आला आणि महिन्याभरात शहराची खाज थांबली.

मौनलेप शोधून काढणारे डॉ. मिलिंद खासनीस कमानीच्या कार्यक्रमाची बोलणी करायला पुण्याहून आले होते. सुलभाबाईंनी त्यांना सरळ प्रयोगशाळेत बोलावलं आणि तबकडी पुढे सरकवली.

"तुमचं औषध बुरशीला काय करतं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"काहीच करत नाही, मॅडम. तीच तर गंमत आहे," खासनीस उत्साहानं म्हणाले. "मारणारं औषध दिलं की लाखातली एखादी बुरशी वाचते आणि पुढे तिचीच प्रजा वाढते. म्हणून आम्ही मारायचंच सोडून दिलं. बुरशीची चाहूल लागली की कातडीतल्या पहारेकरी पेशी आरडाओरडा करतात. आपल्याला जाणवते ती खाज, दिसते ती लाली, हा सगळा त्यांचा आरडाओरडा. आमचं मौनद्रव्य त्या पेशींना गप्प बसवतं. बुरशीच्या जिवावर कोणी उठलेलं नाही, मग ती औषधरोध कमावेल कशाला? चार वर्षांत औषधरोधाची एकही नोंद नाही."

"म्हणजे बुरशी होती तिथंच असते."

"असते, पण त्रास देत नाही. कातडीवर एवढे जंतू नांदतात, त्यात आणखी एक."

"चाचणीत रुग्णांची कातडी खरवडून, अशी तबकडीत वाढवून पाहिली होती?"

खासनीसांनी चष्मा काढून पुसला. "चाचणीचा निकष खाज हा होता. 'खाज येते का?' असं विचारायचं. नियामकांनी तो मान्य केला होता."

"खाजेलाच रोग समजणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्या वर्षाला नापास केलं असतं," सुलभाबाई म्हणाल्या. "तुम्हाला मात्र पुरस्कार मिळाला. हा माझा भाऊ आहे. त्याच्या घरात मी तुमची ट्यूब शिरू दिली नाही. तरी त्याला लागण झाली आणि गाठी होईपर्यंत एकदाही खाज आली नाही."

"तो प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेतोय. पेशी त्यानंच गप्प झाल्या असतील. आणि खरं सांगू? आता तर आमचा खपही घसरलाय. लोकांना लेप लावायची गरजच वाटत नाही. तुम्ही उगाच आगपाखड करताय."

खासनीसांचा गोळ्यांचा मुद्दा सुलभाबाईंना पटला, आणि पटला म्हणून त्या जास्तच चिडल्या. पण त्याच आठवड्यात त्यांच्या हाती एक चांगली गोष्ट लागली. अंबादासच्या बुरशीवर त्यांनी जुनं, निकामी ठरलेलं औषध टाकून पाहिलं, आणि बुरशी सपशेल मेली. कारण उघड होतं. चार वर्षं ते औषध कुणी वापरलंच नव्हतं, त्यामुळे औषधरोधाचं ओझं वाहणाऱ्या बुरश्या मागे पडून नाहीशा झाल्या होत्या. अंबादासला त्यांनी दवाखान्यात दाखल करून त्याच जुन्या औषधाच्या गोळ्या सुरू केल्या.

पुढचा हिशेब त्यांना स्पष्ट दिसत होता. मौनलेप दोन महिने बंद करायचा. पहारेकरी पेशी जाग्या होतील आणि शहराला खाज सुटेल. ज्याला खाजेल तो आपल्या पायांनी दवाखान्यात येईल. त्याला जुन्या गोळ्या पूर्ण मुदत द्यायच्या, की रोग मुळासकट जाईल.

त्यासाठी त्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी, डॉ. शहाजी गुंडांशी भांडल्या, मुंबईला जाऊन सचिवांशी भांडल्या आणि वर्तमानपत्रांत अशी पत्रं लिहिली की खासनीसांनी त्यांचा फोन घेणं सोडलं. अखेर मौनलेपाच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी आली. सुलभाबाईंनी वॉर्ड रिकामे करून घेतले, गोळ्यांची खोकी लावून घेतली, दारात मांडव घातला आणि वाट पाहत बसल्या.

कोणीही आलं नाही.

पहिल्या महिन्याअखेरीस एक आजोबा पाठ खाजवत आले. त्यांना ज्वारीच्या पोत्यातले किडे चावले होते. दुसरा महिना संपता संपता गुंडसाहेब मांडवातल्या रिकाम्या खुर्च्या पाहायला आले आणि म्हणाले, "बाई, मांडव काढायचा, का त्यात एखादं लग्न लावून द्यायचं?"

सुलभाबाईंनी बोथट पातं घेतलं, गुंडांचा हात ओढला आणि मनगटावरची कातडी खरवडून घेतली. त्यानंतर वॉर्डबॉय, नर्सा, दारावरचे रिक्षावाले, अंबादासची बायको लावण्या आणि शेवटी स्वतःची कातडी. तीन आठवड्यांनी तबकड्या पाहिल्या, तर एकूण एक तबकडी पांढरी झाली होती. एकालाही खाज नव्हती.

लेप बंद होता, तरी पेशी गप्प कशा? सुलभाबाईंनी तबकडीतल्या बुरशीचा रस गाळून घेतला आणि काचपात्रात वाढवलेल्या पहारेकरी पेशींवर त्याचा थेंब टाकला. पेशी गप्प झाल्या. तबकडीला मौनलेपाचा स्पर्शही झालेला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच्या फोनवरून खासनीसांना गाठलं आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

खासनीस हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्या द्रव्याचं काम ती स्वतःच करायला शिकली."

"शिकली नाही, तुम्ही तिला निवडलंत. नीट ऐका. जी बुरशी खाजते, तिच्यामागे माणूस हात धुऊन लागतो. डॉक्टर गाठतो, मलम आणतो, निदान आपला पंचा तरी वेगळा ठेवतो. जी खाजत नाही, ती घरभर फिरते. तुम्ही गप्प बुरशीला गावभर मोकळं रान दिलंत. मग लाखातली एखादी अशी निघाली की जिला गप्प राहायला तुमची ट्यूबही लागत नाही. ती ट्यूब न वापरणाऱ्यांच्या घरातही शिरली. माझ्या भावाच्या घरात तीच शिरली. तुमचा खप का घसरला, हेही आता समजलं असेल."

"पण औषधरोध नाही, मॅडम," खासनीस पुटपुटले. "आमचं विधान अजूनही खरं आहे."

सुलभाबाईंनी फोन ठेवला. शिवी त्यांच्या ओठावर आली होती, आणि ती दिली नाही याचं त्यांना नंतर वाईट वाटलं.

अंबादास गोळ्यांनी सुधारला. गाठी विरल्या, आणि तपासण्या लागोपाठ कोऱ्या आल्या. त्याला काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. लावण्यानंही गोळ्यांची मुदत पूर्ण केली, तीही स्वच्छ झाली आणि चार दिवस मुलांजवळ राहायला घरी गेली. परत आल्यावर पाहिलं, तर तिच्या तळव्यावर बुरशी पुन्हा होती. आता ती काचेबाहेरूनच नवऱ्याशी बोलायची.

"अक्का, मी बरा झालो म्हणतेस ना?" अंबादासनं विचारलं. "मग घरी का सोडत नाहीस? कारखान्यात टॉवेलांची ऑर्डर पडलीय."

"सोडते. आधी बाहेरच्यांना बरं करू दे," सुलभाबाई म्हणाल्या. अजून त्यांना ती आशा होती.

सगळ्या तबकड्या घेऊन सुलभाबाई गुंडांकडे गेल्या आणि गुंडांच्याच मनगटाची तबकडी त्यांच्यापुढे ठेवली.

गुंडांनी ती हातात धरून निरखली. "पण मला तर खाज येत नाही, बाई."

"येणारही नाही. पूर्ण जिल्ह्याला एकाच वेळी गोळ्या द्याव्या लागतील."

"ज्यांना काहीच होत नाही अशा लोकांना मी यकृताला बाधणाऱ्या गोळ्या सहा आठवडे कशा गिळायला लावू? मी स्वतः घेणार नाही, मग लोकांना काय सांगू?" गुंड शांतपणे म्हणाले. "उलट मीच तुमच्याकडे येणार होतो. जिल्ह्यात गजकर्णाचा एकच रुग्ण नोंदलेला आहे, तुमचा भाऊ. तोही बरा झालाय असं ऐकतो. त्याला घरी सोडा, म्हणजे कमानीसाठी मंत्र्यांची तारीख घेता येईल."

सुलभाबाई तडक दवाखान्यात परतल्या. गुंड त्यांच्या पाठोपाठ आले. मुखपट्टी, झगा आणि हातमोजे चढवून ते काचेच्या खोलीत शिरले, तेव्हा अंबादास खुर्चीत बसून बाहेरच्या लावण्याशी खुणांनी बोलत होता.

"अभिनंदन, अंबादासराव. जिल्ह्यातले शेवटचे रुग्ण तुम्ही," गुंड म्हणाले आणि हातमोजा काढून त्यांनी हात पुढे केला. किती महिन्यांनी कुणीतरी उघडा हात पुढे करत होतं. अंबादास हसत उठला आणि त्यानंही आपला हात पुढे केला.

मागोमाग आत आलेल्या सुलभाबाई दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"हा रुग्ण नाही, साहेब. ज्याला गजकर्ण नाही असा हा तुमच्या जिल्ह्यातला एकच माणूस आहे. हात खिशात घाला."

गुंडांनी हात खिशात घातला. अंबादासचा हात मात्र तसाच पुढे राहिला होता, आणि तो अक्काकडे बघत होता.