बदामाची दश्शी

वाघोलीला पुणं म्हणायचं की नाही, यावर पेठांमधले लोक अजून विचार करताहेत, पण घराचे हप्ते मात्र पुण्याच्याच दराने जातात. नगर रस्त्यावरून आत वळलं की सोसायट्याच सोसायट्या, पाण्याचे टँकर, आणि सगळ्या गॅलऱ्यांमधून वाळत घातलेले एकसारखे टी-शर्ट. त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सृष्टी राहायची. नवरा शंभू रांजणगावच्या कारखान्यात, ती स्वतः घरूनच काम करणारी. सॉफ्टवेअर तपासायचं, त्यातल्या चुका काढायच्या आणि ते लिहिणाऱ्या पोरांच्या शिव्या मनातल्या मनात ऐकायच्या, हे तिचं काम. कुठलीही गोष्ट दोनदा करून बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे.

सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, वाशीमहून आल्या त्या बायपासनंतर. आल्या म्हणजे आणल्या. त्यांना एकटं ठेवायचं नव्हतं, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे त्यांना कुणी काही सांगायला नको होतं. थोरला मुलगा वैजनाथ भांडून घर सोडून गेला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या गणपतीत शंभूला पोलिसांचा फोन आला. भीमेच्या पात्रात सापडलेला माणूस वैजनाथच होता. शंभूने ओळख पटवली, तिथेच सगळं उरकलं आणि घरी येऊन नळाखाली कितीतरी वेळ हात धूत राहिला. आईचं ऑपरेशन तोंडावर होतं. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काय, वैजनाथ दुबईला गेलाय, तिकडे फोन लागत नाही, असं ठरलं. आधी दिवाळीनंतर सांगू म्हणाले, मग संक्रांतीनंतर, आणि आता पाडव्यानंतर. अशा गोष्टीला नंतर कधीच सापडत नाही, हे त्या दोघांनाही कळत होतं.

दुर्गाबाईंना दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. टीव्हीवरच्या सुना त्यांना आवडत नसत. घरातली सून मीटिंगमध्ये. शेवटी सृष्टीने कंपनीतून बाद झालेला जुना लॅपटॉप त्यांच्या खोलीत मांडला आणि त्यावरचा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव शिकवला. खाली सात रांगा, मोठ्यावर लहान पत्ता, लालवर काळा आणि काळ्यावर लाल. एक्का निघाला की वर न्यायचा, त्यावर त्याच रंगाची दुर्री, मग तिर्री, असं राजापर्यंत. रिकाम्या रांगेत राजाशिवाय कुणाला जागा नाही. चुकलं तर हा उलटा वळलेला बाण दाबायचा, चाल मागे येते.

"मागं येते?" दुर्गाबाईंनी विचारलं. "बरं हाय बापा."

पत्ते त्यांच्या लक्षात राहीनात, म्हणून दुर्गाबाईंनी पत्त्यांना माणसांची नावं दिली. किलवर म्हणजे माहेर, बदाम म्हणजे सासर. चौकट आणि इस्पिक ही परकी माणसं, त्यांना नावं नाहीत. किलवरची सत्ती म्हणजे त्यांची भावजय सरुबाई, अठ्ठी म्हणजे भाऊ बद्रीनाथ. बदामाची नव्वी शंभू आणि दश्शी वैजनाथ. सृष्टीला मोठी गंमत वाटली. तिने शंभूला व्हिडिओही पाठवला.

"सगळे वर गेले म्हंजे घरी पोचले," असा त्यांचा हिशेब होता. त्या एकच डाव खेळत होत्या. रोज एखाददुसरी चाल करायची, मग हनुवटीवर हात ठेवून बघत बसायचं.

सरुबाई आली ती एका दुपारी. बेल वाजली, दारात ती, अंगावर घरातलं लुगडं, हातात पिशवीसुद्धा नाही. चेहरा प्रवासाने काळवंडलेला.

"अशा अचानक, मामी?" सृष्टीने पाणी दिलं.

"आले सहजच." सरुबाई पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघत राहिली. "तव्यावर भाकर होती माय. गॅस बंद केला का नाही, काही याद नाही."

आतून दुर्गाबाईंचा आवाज आला. "आली का वैनी? ये. सकाळीच वर ठेवलं तुले."

एक रात्र राहून सरुबाई गेली. म्हातारी माणसं, असतं एकेकाचं, म्हणून सृष्टीने विषय सोडला. पण ती कामाला बसली की मधेच उठून दाराकडे जाऊ लागली. कारण नसताना उठायची, कडी बघायची, परत बसायची. मीटिंगमध्ये तिला कुणी काही विचारलं की दोनदा विचारावं लागे.

नंतर बद्रीनाथमामा आले. मोटारपंपाच्या पेटीची किल्ली मुठीत घट्ट धरलेली, पायांना वावरातली काळी माती. का आलात, तर म्हणे, यावंसं वाटलं. कसे आलात, तर ते नीट आठवेना. सृष्टी उठली. ती सासूबाईंच्या खोलीत गेली. किलवरच्या ढिगावर अठ्ठी दिसत होती.

बाहेर मामा जेवायला बसले होते. खोलीच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. सृष्टीने आपण काय करतोय याची लाज वाटत असतानाच तो उलटा बाण दाबला. अठ्ठी सरकत खाली आली.

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. उठले. हात न धुताच दार उघडून निघून गेले. सृष्टी जिन्यापर्यंत धावली, हाका मारल्या, पण त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वाशीमला फोन लावला. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "पुण्याले? मी कायले येऊ पुण्याले? मी तं कालपासून वावरातच हाओ." किल्लीचं विचारलं तर म्हणाले, खिशातच आहे की.

तिने शंभूला सगळं सांगितलं. शंभू हसला, पण नेहमीसारखा नाही.

"तू जरा सुट्टी घे," तो म्हणाला.

"मामांचं उष्टं ताट मी स्वतः धुतलंय, शंभू."

तो म्हणाला, "आईला तेवढं खेळू दे. दुसरं काय आहे तिच्याकडे?"

सृष्टीने आपल्या परीने तपासलं. खेळ अगदी साधा, इंटरनेटचाही संबंध नाही. तिने नवा डाव मागितला, पत्ते पिसले गेले आणि पुन्हा तोच डाव समोर आला. तिने खेळच काढून टाकला. दुपारी दुर्गाबाई तोच डाव खेळत होत्या. लॅपटॉप कपाटावर टाकला तर त्यांनी जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. बायपास झालेल्या बाईला उपाशी किती ठेवणार? सृष्टीने लॅपटॉप मुकाट्याने खाली काढून दिला आणि स्वतःचाच राग येऊन स्वयंपाकघरात भांडी आपटली.

आता खाली एकच पत्ता पालथा होता, इस्पिकच्या राजाखाली. बाकी सगळे उघडे होते, म्हणजे तो कुठला हे सांगायला नको. राजाला हलायला रिकामी रांग हवी होती. दुर्गाबाई रोज त्यासाठी झगडत होत्या. आणि सृष्टीला भीती कशाची वाटत होती, हे तिला स्वतःशीही नीट बोलता येत नव्हतं. वैजनाथची राख शंभूने स्वतः नदीत सोडली होती. मग वर न्यायचं कुणाला?

पाडव्याच्या आधीचा आठवडा. ऊन असं की गॅलरीतल्या कपड्यांना हात लावावा तर चटका बसावा. सकाळी दुर्गाबाईंना रांग मोकळी करता आली. इस्पिकचा राजा तिकडे गेला. पालथा पत्ता उलटला.

"दिसला," त्या म्हणाल्या. पदराने स्क्रीन पुसली.

"आई, आज राहू द्या ना. दमलात तुम्ही."

"काहून दमतो? बसूनच तं हाओ." त्यांनी सुनेकडे बघितलंही नाही. "थोरल्याच्या आधी धाकटा लागते. त्याले येऊ दे."

आणि बदामाची नव्वी वर गेली.

जेवणाची वेळ टळली तेव्हा शंभू दारात उभा होता. अंगावर कारखान्याचे निळे कपडे, डोक्यावर टोपी तशीच.

"पाळी सुटली?" सृष्टीने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

"मशीन चालूच ठेवून आलो गं." तो सोफ्यावर बसला. "पूल कधी ओलांडला तेही कळलं नाही." भीमेचा पूल रोज येताजाता लागायचा. तिथे तो नेहमी पात्राकडे न बघता मान खाली घालायचा.

तिने चहा ठेवला. चहा करता करता ठरवलं की आता बस्स, आजच सांगायचं. पाडवा गेला खड्ड्यात. धक्का बसला तर बसला, खाली दवाखाना आहे. तिने शंभूच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "चल आत. आईंना सांगू या."

"आत्ता?"

"आत्ताच."

शंभूने एक घोट घेतला. आत माउसचा बारीकसा आवाज झाला.

इंटरकॉम वाजला.

"मॅडम, गेटवरून बोलतोय. एक जण आलेत, तुमच्याकडंच यायचंय म्हणतात."

"नाव?"

"सांगत नाहीत." वॉचमनने आवाज खाली आणला. "मॅडम, ते पूर्ण भिजलेत. खाली नुसतं तळं झालंय पाण्याचं. पाठवू का?"

"नाही," सृष्टी म्हणाली. "नको."

"अहो, पण ते निघाले आत."

तिने रिसीव्हर टाकला आणि खोलीत धावली. दुर्गाबाई हसत होत्या. इतक्या महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. बदामाच्या ढिगावर दश्शी होती. बाहेर लिफ्टचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला.

सृष्टीने लॅपटॉप ओढून घेतला. बाण दाबला.

दश्शी खाली आली.

लिफ्ट खाली निघाली. तिचा घरघराट उतरत उतरत गेला. सृष्टीने श्वास सोडला. तिचं बोट अजून माउसवरच होतं, आणि ते पुन्हा एकदा दाबलं गेलं.

नव्वी खाली आली.

बाहेर कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"शंभू!"

तो दारात पोचला होता. बूट नाहीत, पायात काही नाही. तिने त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवूनही घेतला नाही, नुसता चालत राहिला, आणि तिचीच पकड सुटली. जिन्यावर त्याची पावलं एकसारखी वाजत गेली.

ती परत आत धावली. नव्वी वर ओढली. नव्वी परत जागेवर आली. पुन्हा ओढली. पुन्हा परत आली.

ती गॅलरीत गेली. कंपनीत जाईल, तिने स्वतःला सांगितलं. मामा वावरात पोचले, तसा हाही मशीनपाशी पोचेल. खाली गेटमधून एक माणूस बाहेर पडत होता. तापलेल्या सिमेंटवर त्याच्यामागे ओली रेघ उमटत होती. त्याच्या मागून शंभू, अनवाणी. तो भरभर चालत होता, पुढच्याला गाठायला निघाल्यासारखा. कोपऱ्यावर तो पहिला माणूस थांबला. शंभू त्याच्या शेजारी पोचला. मग दोघं मिळून नगर रस्त्याकडे वळले, रांजणगावच्या बाजूला, जिकडे आधी पूल लागतो.

सृष्टीने फोन लावला. शंभूचा फोन सोफ्यावर वाजत राहिला.

ती खोलीत आली तेव्हा तिला रडूही येत नव्हतं. दुर्गाबाईंनी लॅपटॉप मिटून ठेवला होता. त्या पलंगावर पाय लांबवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच धक्का नव्हता.

"आई, शंभू गेला," ती म्हणाली.

"थोरल्याले आनाले गेला तो," दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "येतीन दोघं. तू दोन टावेल काढून ठेव."