बारा फटींचा रूळ

सकाळी आठ वाजता ओळंब्यासारखा सरळ असलेला रूळ दुपारी एक वाजता वीतभर बाहेर कसा येतो? बागेत कुणी गेलं नव्हतं. मांजरही सावलीत झोपलेलं होतं. मी रुळाकडे पाहतच राहिले.

मी शलाका फेगडे. सन २०५४ मधल्या भुसावळात, आमच्या घरामागच्या बागेत मी आणि माझ्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, एक रेल्वे बांधली होती. साधीसुधी नाही हं, वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीची! पिवळी वाळू, मुरमाचे डोंगर, वॅगनमध्ये खडे ओतणारी पत्र्याची घसरगुंडी आणि मधूनमधून बोटभर निवडुंग. खाणीपासून पुलापर्यंत, एकेक मीटरचे बारा तुकडे जोडलेला, बारा मीटर सरळ पितळी रूळ. त्यावर चार वाजता कॉलनीतली एकोणीस मुलं आपापली, स्वतः बनवलेली वॅगन घेऊन येणार होती. सगळ्या वॅगन जोडून एकच गाडी धावणार होती.

आप्पा तीस वर्षं रेल्वेत चावीवाले होते. रोज मैलोन्‌मैल चालत रूळ तपासायचे. पुढे त्यांच्या जोडीने ठोक्या नावाचा यंत्रमानवही ते काम करू लागला. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले आणि आप्पा त्याला घरी घेऊन आले. ठोक्या हातोडीने रूळ ठोकतो आणि विचारलं तरच बोलतो.

आप्पा काठी टेकत आले, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"माझंच चुकलं," ते हळूच म्हणाले. "डोळे गेले आता माझे. पोरांना 'येऊ नका' म्हणून सांग, बेटा."

पण खरी गोष्ट मला ठाऊक होती. जानेवारीत रूळ टाकताना आप्पांनी प्रत्येक तुकड्यानंतर बारीक फट ठेवली होती. मला वाटलं, त्यांना नीट दिसत नाही म्हणून सांधे जुळले नाहीत. शिवाय गाडी त्यावरून खडखड करायची. लोकांसमोर आप्पांची फजिती नको, म्हणून पहाटे मी ठोक्याच्या मदतीने सगळ्या फटी गुपचूप मिटवल्या. शेवटी दीड सेंटीमीटर जागा उरली, तिथे ठोक्याकडून पितळेचे तुकडे कापून घट्ट बसवले. केवढा अभिमान वाटला होता मला!

"आप्पा, तुम्ही नाही चुकलात. मी फटी बुजवल्या," मी म्हणाले. पुढचं रडतरडतच सांगितलं.

आप्पा चक्क हसले. "म्हणजे डोळे शाबूत आहेत म्हणायचे! अवं, ती फट मी जुना रुपया मधे धरून मोजून ठेवली होती. ठोक्या, रुळाचं तापमान सांग."

"पहाटे बावीस अंश. आता बासष्ट," ठोक्या म्हणाला.

"धातू तापला की त्याचे कण जास्त जोराने थरथरतात आणि एकमेकांपासून जरा दूर सरकतात," आप्पांनी सांगितलं. "त्याला प्रसरण (तापल्यामुळे आकार वाढणं) म्हणतात. एक मीटर पितळ चाळीस अंश तापलं तर पाऊण मिलिमीटर वाढतं."

"एवढंसंच?"

"बारा मीटरचं किती?"

मी बोटांवर मोजलं. "नऊ मिलिमीटर. पण रूळ तर वीतभर सरकलाय!"

आप्पांनी माझी लांब पट्टी दोन विटांमध्ये धरली आणि एक वीट नखभर आत ढकलली. पट्टीचा मधला भाग टचकन फुगून बाजूला आला. मला एकदम समजलं. एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला पूल. लांब व्हायला जागाच नाही, म्हणून रूळ बाजूला पळाला!

"पण मोठ्या रुळांना तर आता फटी नसतात," मी म्हटलं.

"त्यांना खालचे जड आडवे स्लीपर आणि खडी आवळून धरतात. आपली वाळू कुठली धरणार?"

आम्ही जास्तीचे तुकडे काढले. मी रुपया घेऊन फट मोजायला गेले, तर आप्पांनी हात धरला.

"आता रूळ तापून लांब झालाय. आता वहीच्या पुठ्ठ्याएवढीच फट पुरे. संध्याकाळी गार झाला की ती आपोआप उघडेल. फट ठेवण्याआधी रुळाचं तापमान विचारायचं!"

पावणेचारला शेवटचा सांधा बसला. चार वाजता एकोणीस वॅगन खाणीतून निघाल्या. कुणाची काडेपेटीची, कुणाची डब्याच्या झाकणाची. खडक-खट, खडक-खट! सकाळी मला नकोसा झालेला तोच आवाज. आप्पा डोळे मिटून सांधे मोजत होते. "बारा!" ते म्हणाले, आणि माझी छाती अभिमानाने भरून आली. माझ्या आप्पांना न बघताही रूळ कळतो.

काडेपेटीची वॅगन आणणारा छोटा ईशान आप्पांना म्हणाला, "आजोबा, मोठा झाल्यावर मी मंगळावर खाण काढणार. तिथे किती फट ठेवायची?"

"मंगळावर रात्र आणि दुपार यांत शंभर अंशांपर्यंत फरक पडतो," ठोक्या म्हणाला. या वेळी त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आप्पांनी काठी माझ्याकडे केली. "आमच्या इंजिनियर बाईंना विचार."

एकोणीस माना माझ्याकडे वळल्या. मी खिशातला रुपया चाचपला.

"सांगते," मी म्हणाले. "पण आधी तू सांग, रूळ टाकणार कधी? पहाटे की भर दुपारी?"