सहावी पाटी

दोघांची ओळख झाली ती एका सुटलेल्या दोरीमुळे. दिघीच्या जेट्टीवर तैयबा वाकून सपाट लोखंडी पाट्या पाण्यात सोडत होती, दोरी हातातून निसटली, आणि शेजारी होडी दुरुस्त करणाऱ्या अदनानने कपड्यांसकट उडी मारली.

"एवढं शिकलात... आणि दोरी बांधायला कुणी शिकवलं न्हाय?" तो निथळत म्हणाला.

"जर्मनीत दोऱ्या मशीन बांधतं!" साफ थाप होती ती.

म्हसळ्याची तैयबा नऊ वर्षांपूर्वी हॅम्बुर्गला गेली आणि तिथल्या रंगाच्या कंपनीत संशोधक झाली. होडीच्या तळाला कालवं चिकटू न देणारा रंग, हा तिचा ध्यास. चाचणीच्या सहापैकी पाच पाट्यांना तो रंग लावलेला, सहावी तुलनेसाठी मुद्दाम कोरी. दर पंधरा दिवसांनी पाट्या वर काढून फोटो पाठवायचं काम अदनानने हौसेनं अंगावर घेतलं.

सहा महिने हॅम्बुर्गला फोटो येत राहिले. पाट्या लख्ख! तैयबा खूश, तिचे साहेब तिच्याहून खूश. अहवाल सोमवारी जायचा होता. शुक्रवारी तिचं लक्ष सहाव्या पाटीकडे गेलं. कोरी... आणि तीही लख्ख? अहवाल थांबवून ती तडक विमानात बसली.

"तुम्ही पाट्या धुता?" जेट्टीवर अदनानच्या हातात ब्रश बघून तिने विचारलं.

"मंग! होडी वर घेतली की आधी कालवं खरवडायची, ही आमची रीत हाय. तुमची वस्तू घाण कशी दाखवू?"

"या अल्ला! सगळी मेहनत पाण्यात गेली, अदनान!"

त्याचा चेहरा पडला. "पहिला फोटो तसाच धाडला व्हता. तुम्ही लिवलंत, 'ठीक.' दुसऱ्या बारीला घासून धाडला, तर... 'वा, किती सुंदर!' मंग मी घासतच गेलो." तो कानापर्यंत लाल झाला होता.

तैयबाला रागवायचं होतं. पण चूक एकट्याची कुठं होती?

"सहावी पाटी मला सहा महिने दिसलीच नाही," ती हळूच म्हणाली. "फोटोच्या कडेला पाटी धरलेला हात असायचा ना... मी तोच बघत बसायचे."

अदनान हातातला ब्रश खाली ठेवायचंही विसरला.

"निघतानाच साहेबांकडून पुन्हा सहा महिने मागून घेतलेत. या वेळी मी इथंच राहणार."

"ह्या बारी हात लावणार न्हाय, कसम!"

"पाट्यांना नको लावूस," ती हसली. "आणि उद्या तुझ्या अम्मीला म्हसळ्याला पाठव, आमच्या घरी."