तुळसाकाकीची घुगरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, लेकांनो. मध्ये दात काढायचे नाहीत. ही शंकरसिंगवर गुदरलेली गोष्ट आहे, आणि तो माझा जुना ओळखीचा. थापा मारणारा माणूस नाही.

२००६ सालची पौष अमावास्या. कापसाला भाव नव्हता, म्हणून घरोघरी तो आढ्यापर्यंत भरून ठेवलेला. शंकरसिंग जेवून आर्णीजवळच्या तांड्यावर तुळसाकाकीकडे निघाला. त्याच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर होतं.

काकीचा नवरा देवसिंग नौदलात होता. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या पाणबुडीनं त्याचं जहाज बुडवलं. तार आली, माणूस आला नाही. बंजाऱ्यांत नवरा गेला की बाई घुगरी उतरवते, म्हणजे कानशिलांवर केसांत गुंफलेले चांदीचे घुंगरू. काकीनं ती उतरवलीच नाही. आता म्हातारे अडून बसले होते, घुगरी काढल्याशिवाय तिला मांडवात पाय ठेवू देणार नाही. आणि नवरीला तर काकीनंच लहानाची मोठी केली होती! शंकरसिंगला जीव नकोसा झाला होता.

"काकी, काढून टाक नं वं. पोरीच्या लग्नात कायले वाद?"

"तांड्यानं सांगतलं म्हणून काढू? त्यानं सोता येऊन सांगावं मले. मंग काढतो."

तेवढ्यात लाईट गेली.

आतल्या खोलीत कापूस दबला. कोणीतरी दमून अंग टाकावं, तसा.

"उंदीर असन..." शंकरसिंग म्हणाला.

ओला, गार वास आला. तो उठू लागला. काकीनं त्याचं मनगट धरलं.

"आले काय जी?"

...

"हे लोक म्हणते, घुगरी काढ. काढू?"

...

काकी हलली नाही. शंकरसिंगही नाही. पण घुंगरू वाजले. हळूच... एका कानशिलावर. मग दुसऱ्या. कोणीतरी ते नीट बसवत होतं.

मग काहीच नाही.

लग्नात काकी घुगरी घालून, ताठ मानेनं मांडवात आली. म्हातारे उठले, तसा शंकरसिंग आडवा आला. "ज्याले चालत नसन, त्यानं खुशाल घरी जावं," म्हणाला. एकही गेला नाही. मी मांडवातच होतो, मला तर तेव्हा शिट्टी मारावीशी वाटली.

वऱ्हाड परतल्यावर काकीनं मला आतल्या खोलीत नेलं. कापसात माणूस निजल्याएवढा खड्डा होता. अजून ओला. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

खारट होतं. आता सांगा, आर्णीहून समुद्र किती लांब आहे?