फांदीखालचे दोन बांबू

"अवो मॅडम, जरा हात लावता का? मले हलता येत नाही."

अश्विनीनं तिगावच्या रस्त्यावर स्कूटी थांबवली. संत्र्यांनी लगडलेली फांदी खांद्यावर पेलून एक तरुण बागेत अडकला होता. सोडावी तर फांदी मोडणार, आणि टेकूचे दोन बांबू पायाशी पडलेले... मधोमध दोरीनं कात्रीसारखे बांधलेले.

खरं तर तिला घाई होती. उद्या सौंसरच्या शाळेत तिला कोनांचा धडा शिकवून दाखवायचा होता. जमला तर नोकरी, नाहीतर भाऊ तिला नागपूरला नेऊन आपल्या कपड्यांच्या दुकानात बसवणार होता. मागच्या शाळेत याच धड्यानं तिची फजिती केली होती. शीर्षाभिमुख, म्हणजे एकमेकांसमोरचे कोन दाखवा म्हटलं, की मुलं खुशाल शेजारचे दाखवायची.

तिनं बांबू फांदीखाली उभे केले.

"वरची बेचकी लहान पडून राहिली. अजून उघडा."

"माझा हात नाही पोचत तिथवर."

"वर कशाले? खालचे पाय फाकवा ना."

तिनं बांबूंचे पाय बाहेर ओढले. वरची बेचकी तेवढीच उघडली आणि फांदी अलगद बसली. अश्विनी मात्र दोरीच्या गाठीकडे बघतच राहिली. खाली जितकं, वर तितकंच... आणि शेजारचे दोन्ही कोन आक्रसलेले!

"मले वाटलं, माझ्याकडं पाहून राहिल्या," खांदा चोळत तो म्हणाला. त्याचं नाव कुलदीप.

"बांबूकडं पाहून राहिली मी. असे दोन उद्यापुरते देता का?"

"देतो. पण परत आणून द्याचे... तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी वर्गात बांबूच्या बेचकीत दप्तर ठेवलं गेलं. पाय फाकले, दप्तर खाली उतरलं, आणि मागच्या बाकावरची पोरगी उभी राहिली.

"मॅडम, जोडी शेजारच्याची नाही, समोरच्याची. हा उघडला का तोबी तितकाच उघडते."

मग सगळ्या वर्गाची बोटं बरोबर कोनांवर पडली. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "सोमवारपासून या."

संध्याकाळी ती बांबू घेऊन बागेत उतरली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"लागली नोकरी. आता मी कुठं जात नाही."

कुलदीपनं संत्रं सोललं आणि बांधावर तिच्या शेजारी येऊन बसला.

"शेजारी नका बसू," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"समोर बसा. समोरचेच सारखे असतात."

तो समोर बसला. अर्धं संत्रं पुढे करत, घुटमळत म्हणाला, "माझा तर कालपासून जीव गुंतून राहिला तुमच्यात... तुमचा?"

अश्विनीनं संत्रं घेतलं. नजर मात्र हलवली नाही.

"तितकाच," ती म्हणाली.