गव्हातला उंच पट्टा

"आधी ताडपत्री कुठून आणायची ते ठरवा, बाकीचं मग बघू," दादा म्हणाला.

तिघं शेताच्या फाटकावर बसली होती. दादा मामीचा मुलगा. सुट्टीत आलेली त्याची आतेबहीण सतत काहीतरी विचारायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं चौकशीबाई, थोडक्यात चौकशी. तिच्या धाकट्या भावाला हळू बोलणं जमतच नसे. तो भोंगा.

समोर गहू पिवळा पडत होता. पण फाटकापासून निघालेल्या एका पट्ट्यात गव्हाच्या डोक्यावरून मान काढून भलतंच गवत उभं होतं. त्याच्या बियांना काळी, वाकडी कुसळं होती. मामीने चाकाचं कोळपं फिरवून दोन ओळींमधलं तण उपटलं होतं, पण गव्हाच्या ओळीतच उगवलेलं कोळप्याच्या दातांना सापडलं नव्हतं. बियाण्यातच भेसळ होती, असं म्हणत मामीने बियाणेवाल्या काकांना त्यांच्या दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं होतं.

चौकशीला मात्र ते पटेना. बियाण्यात भेसळ असती तर गवत शेतभर उगवलं असतं. ते एकाच पट्ट्यात कसं? तिने पट्ट्याच्या कडेने चालून पाहिलं. फाटकापाशी गवत दाट होतं, पुढे विरळ होत गेलं आणि शेताच्या मध्यावर संपलं. जणू कुणीतरी फाटकी पिशवी घेऊन आत शिरलं होतं आणि वाटेत पिशवी रिकामी झाली होती!

"गेल्या वर्षी या फाटकातून आत काय काय आलं?" तिने दादाला विचारलं.

दादाने बैलगाडी, ट्रॅक्टर असं आठवत आठवत शेवटी कापणीचा हार्वेस्टर सांगितला, आणि तिघांच्याही डोक्यात एकच आलं: दुसऱ्यांच्या शेतातलं तणाचं बी यंत्रात अडकून इथे सांडलं असेल. तोच हार्वेस्टर उद्या मामीचं पलीकडचं शेत कापायला येणार होता. त्या शेतात तणाची काडी नव्हती.

मामीने ऐकून घेतलं, पण हार्वेस्टरचे ड्रायव्हरकाका तर दरवेळी यंत्र झाडूनपुसून आणल्याचं सांगतात, असं ती म्हणाली. पुराव्याशिवाय त्यांना कसं बोलायचं? म्हणून ताडपत्री.

सकाळी हार्वेस्टर धडधडत आला तेव्हा पलीकडच्या शेताबाहेर, रस्त्याच्या कडेला, ताडपत्री अंथरलेली होती. ड्रायव्हरकाकांनी ती कशाला म्हणून विचारलं.

"आमची पैज लागलीय," चौकशी भाबडा चेहरा करून म्हणाली. "दादा म्हणतो, तुमच्या यंत्रातून एक दाणाही पडणार नाही. मी म्हणते, पडेल."

"मग तू हरलीसच समज," काका हसले. त्यांनी यंत्र ताडपत्रीवर उभं केलं, मुलांना लांब पिटाळलं आणि रिकाम्या यंत्राच्या आतली चाकं, चाळण्या, पंखा सगळं सुरू केलं. यंत्र थरथरलं. मागून आधी धूळ उडाली, मग भुसा, मग दाणे. काकांनी यंत्र बंद केल्यावर भोंगा आधी धावला.

"काळी कुसळं! हीच ती!" त्याचा आवाज चार शेतं ओलांडून गेला असेल.

मामीने ओंजळभर बिया उचलल्या आणि ड्रायव्हरकाकांपुढे धरल्या. "गेल्या वर्षीही असंच आणलं होतं?"

काकांनी टोपी काढली. कामं अंगावर येतात, मग वरवर झाडून निघतो, आतली झाकणं उघडायला वेळ कोण देतो, असं ते पुटपुटले. पण त्या दिवशी त्यांनी वेळ दिला. दुपारपर्यंत एकेक झाकण उघडून, चाळण्या काढून, त्यांनी यंत्र आतून लख्ख केलं आणि मगच शेतात घातलं.

संध्याकाळी मामी मुलांना घेऊन बियाण्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं होतीच. जितक्या मोठ्याने ती तेव्हा रागावली होती, तितक्याच मोठ्याने म्हणाली, "काका, माझं चुकलं. तुमचं बियाणं चोख होतं."

काकांनी हातातलं माप खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "शोधून कुणी काढलं?"

मामीने मुलांना पुढे केलं. चौकशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तो पट्टा आम्हा सगळ्यांनाच दिसत होता. मी बघून चिडले. हिने बघून विचारलं."

चौकशीचे कान लाल झाले. कुठे बघावं कळेना, म्हणून ती फळीवरच्या काचेच्या बरणीकडे बघू लागली.

"काका," ती म्हणाली, "हे बियाणं गुलाबी का आहे?"

काकांनी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.