खाली कोण थांबलंय

बायको गेल्याचं त्याला कळलं ते रविवारी दुपारी दीड वाजता, गाडीत बसल्या जागी.

डोंगराच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीला लागून गाड्या उभ्या करायची जागा होती. टाकीच्या नळाची तोटी नीट बंद होत नव्हती आणि तो सकाळपासून त्या थेंबांकडे बघत बसला होता. वाटेने एक पुरुष आणि एक बाई जवळजवळ घसरतच खाली आली. बाई सरळ नळापाशी जाऊन ओकली. पुरुषाने गाडीच्या काचेवर टकटक केली आणि विचारलं, कुणाचा फोन लागतोय का, वर खांबापाशी एक बाई पडल्यात. त्याने फक्त शर्टाचा रंग विचारला. निळा, म्हणाला तो माणूस. त्याने दार उघडलं, उभा राहिला आणि परत बसला. डावा गुडघा त्याला चढ चढू देत नव्हता, गेली अकरा वर्षं.

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले. कुठल्याही गोष्टीवर आधी काटा स्थिर होऊ द्यायचा आणि मग बोलायचं, अशी त्याला सवय. बायको नकाशांच्या कचेरीत होती. जन्मभर कागदावर डोंगर काढले, आता पायाखाली घालते, असं म्हणून चाळिशीनंतर ती चढायला लागली होती. तिच्या गटाचा एक खेळ होता. कुणीतरी डोंगरमाथ्यावर एक हवाबंद डबा लपवायचा, त्याची जागा फोनवर आकड्यांत टाकायची, आणि बाकीच्यांनी तो हुडकायचा. डब्यात एक वही. सापडला की वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवायचा. गटात एकच नियम कडक होता: ज्याने डब्याला हात लावला त्याचंच नाव लिहायचं. खाली थांबलेल्याचं लिहायचं नाही.

तो नियम ती पहिल्या दिवसापासून मोडत आली. दर वेळी तो गाडीत थांबायचा आणि वर वहीत ती लिहायची, "आम्ही दोघं." गटात त्याला गाडीवाले म्हणत. ती हसून सांगायची, "अहो, तुम्ही माझ्याबरोबर दोनशे डोंगर चढलात. बसल्या बसल्या."

त्या डोंगरावर जुन्या मोजणीचा खांब होता. कमरेएवढा, सिमेंटचा, वर पितळी चकती. जमीन मोजणाऱ्यांनी कधीकाळी तिथून चहूकडे दुर्बिणी लावल्या होत्या. डबा त्याच्याच मागे होता.

डॉक्टरांनी सतरा घाव मोजले. पडून झालेले नव्हते. खांबाच्या बुडाचा एक सुटा दगड वापरला होता आणि पहिले दोन घाव समोरून, जबड्यावर आणि भुवईवर होते. कवटी तीन ठिकाणी फुटली होती. हातांवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता. हे फौजदारांनीच त्याला सांगितलं. म्हणाले, अनोळखी माणसाने दगड उचलला तर हात आपोआप वर जातात. यांनी हात वर केलेच नाहीत.

वहीही दाखवली. शेवटच्या पानावर तिचं अक्षर, "आम्ही दोघं." आणि त्याखाली, पहिल्यांदाच, त्याची सही. तीच ओढ, तोच शेवटचा तुटका फाटा. त्याने बराच वेळ पाहिली आणि सांगितलं, तीच करायची माझ्या नावाने. टाकीजवळच्या रखवालदाराने शपथेवर सांगितलं की हे गृहस्थ सकाळपासून गाडीतून उतरले नाहीत. गुडघ्याचे फोटो होते. अकरा पन्नासला त्याने तिला केलेला सव्वा मिनिटाचा फोन होता, तोही पायथ्याशीच नोंदला गेला होता. पोलिसांनी त्याला सोडलं.

फोनवर काय बोलणं झालं, हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, उशीर होईल म्हणाली. खरं त्याने कुणाला सांगितलं नाही.

खरं असं होतं. तिने फोन उचलला तेव्हा ती हसत होती, धाप लागलेली, आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होती. तो म्हणाला, "अगं, पोचलीस का?" तिचं हसणं थांबलं. मग तोंड फोनपासून बाजूला करून म्हणाली, "अहो, तुमचा फोन खाली गाडीत राहिला का? कुणीतरी त्याच्यावरून बोलतोय." तो म्हणाला, मीच बोलतोय, गाडीतूनच. ती ठणकावून म्हणाली, "कोण आहे रे तू? हे माझ्यासमोर उभे आहेत." मग एक आवाज आला, ओली गोणी आपटल्यासारखा. ती किंचाळली नाही. "अहो," एवढंच म्हणाली. आणि परत तो आवाज. मग फोन तुटला; त्यानंतर कितीही लावला तरी कुणाचाच लागेना.

त्या "अहो"चा अर्थ त्याला हवा होता. ती त्याला हाक मारत होती, की ज्याने मारलं त्याला विचारत होती, का म्हणून? सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. ती जाताना काय समजून गेली, एवढंच त्याला कळायला हवं होतं. बाकी कशाला त्याच्या लेखी वजन उरलं नव्हतं.

महिना झाल्यावर त्याने मेहुण्याला सांगितलं, मला त्या डोंगरावर ने. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बस दुरुस्तीच्या आगारात मेकॅनिक. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. तिच्या मागे रोज संध्याकाळी येऊन बसायचा, काही न बोलता. तो नको म्हणाला, मग शिव्या घातल्या, मग काठी आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन सकाळी सहाला दारात हजर झाला.

दीड तासाची वाट त्यांना साडेचार तास लागली. मेहुण्याने त्याला कुठे ओढलं, कुठे पाठीवर घेतलं. दर शंभर पावलांवर बसवलं. "भावजी, तुम्हाला वर न्यायचं त्यापेक्षा बसचं इंजिन एकट्याने उतरवीन," तो म्हणाला. खांब दिसायला लागला तिथे शेवटचं बसले तेव्हा त्याने मेहुण्याला फोनचं सगळं सांगितलं. मेहुणा पाण्याची बाटली हातात धरून ऐकत होता. शेवटी विचारलं, "मग वर कोण होतं?"

"तेच बघायला आलोय," तो म्हणाला.

माथा सपाट होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, वारा एकसारखा. खांबाच्या एका अंगाचं सिमेंट कुणीतरी घासून धुतलं होतं, तेवढंच पांढरं दिसत होतं. त्याला दहा-बारा पावलं अलीकडे एका खडकावर बसवून, पाय लांब करून देऊन मेहुणा पुढे गेला आणि डबा घेऊन आला. गटाने डबा हलवला नव्हता. तिच्या आठवणीसाठी म्हणून नवी वही ठेवली होती, पहिल्या पानावर तिचं नाव. महिन्याभरात नऊ-दहा जण येऊन गेले होते.

मेहुणा वाचायला लागला. बहुतेकांनी ताईंना नमस्कार वगैरे लिहिलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं, खांबाजवळ एक काका भेटले, एकटेच बसले होते. पाचव्याने लिहिलं होतं, काका फार बोलत नाहीत, खाली गाडीत कोण थांबलंय का, तेवढं विचारलं. सातव्यानेही तेच. आठवी एक बाई होती. तिने लिहिलं होतं, काकांच्या शर्टाची कॉलर निळ्या दोऱ्याने शिवलेली, बिचाऱ्यांना घरी कुणी नसावं.

मेहुण्याने वही मिटली. त्याच्या राखाडी शर्टाच्या कॉलरकडे बघितलं. राखाडी दोरा संपला म्हणून तिने ती निळ्याने शिवली होती, जायच्या आदल्या आठवड्यात.

"भावजी, तुम्ही येता इथे?"

"या गुडघ्याने?"

"खरं सांगा. मी भाऊ आहे तिचा."

त्याने गुडघ्यावरचा पट्टा दाखवला. आज त्याला वर आणताना आपली पाठ मोडायची वेळ आली, हे मेहुण्यालाच ठाऊक होतं. मेहुण्याने मान हलवली, शरमल्यासारखी, आणि डबा जागेवर ठेवायला खांबामागे गेला. खाली वाकला, तसा खांबाआड गेला.

वारा पडला.

मग मेहुण्याचा आवाज आला, अगदी साधा, घरातल्यासारखा. "का उठलात? बसा म्हटलं होतं ना."

तो उठला नव्हता. खडकावरच होता, पाय लांब केलेला.

त्याने हाक मारली. मेहुण्याने ऐकली. खांबावरून त्याचं डोकं वर आलं, त्याच्याकडे वळायला लागलं, आणि अर्ध्यात थांबलं. कारण समोर कुणीतरी उभं होतं, आणि त्याच्याशीच तर तो बोलत होता.

राखाडी पाठ. खाली पडणारा उजवा खांदा. कॉलरवर निळा दोरा.

हात वर गेला. दगड दोन किलोच्या वर असावा, अडीचच्या आत.

पहिला घाव जबड्यावर. दात गवतात उडाले. दुसरा भुवईवर.

मेहुण्याचे हात खालीच लोंबत होते. चाळीस किलोची चाकं एकट्याने उचलणारा माणूस. त्याने हात वर केलेच नाहीत. तोंड रक्ताने भरलं होतं आणि त्यातून तो म्हणाला, "भावजी?"

त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर बरं होतं. जेवायला बसलेल्या माणसाला घरच्याच कुणी ताटावरून उठवावं, तसा तो चेहरा झाला होता. म्हणजे ती हेच समजून गेली होती. ज्यासाठी तो डोंगर चढला, ते त्याला मिळालं.

तो खडकावरून खाली पडला. हातांवर आणि उजव्या गुडघ्यावर सरपटत निघाला, डावा पाय मागे ओढत. ओरडत होता, मी इथे आहे, अरे इकडे बघ, मी इथे आहे.

तिसरा घाव. चौथा. ओली गोणी.

तो पोचला तेव्हा तिथे मेहुणा एकटाच होता.

त्याने स्वतःचा शर्ट काढला आणि मेहुण्याच्या डोक्याला करकचून बांधला. मदतीसाठी फोन लावला. तळव्याने कपाळ दाबून धरून बसला. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत आलं. वीसेक मिनिटांनी मेहुण्याने एक डोळा उघडला. वर वाकलेला त्याचा चेहरा दिसला, तसा तो तुटक्या तोंडाने कसलासा आवाज करत, कोपरांवर रेटत, त्याच्यापासून लांब जायला लागला. तीन हात गेला आणि पालथा पडला.

मेहुणा जगला. जबड्याला तारा घातल्या होत्या म्हणून त्याने कागदावर लिहून दिलं. एकच शब्द लिहिला होता. वहीतली सही तपासायला पाठवली होती, ती जुळून आली. त्याच्या हातांवरचं, शर्टावरचं रक्त कुणाचं, हे विचारायचीही गरज नव्हती. फौजदार म्हणाले, पहिल्या वेळी तुम्ही आम्हाला बनवलंत. तो म्हणाला, मेहुणा खोटं बोलत नाही. त्याने जे पाहिलं तेच लिहिलंय. हे त्याने दोनदा सांगितलं. वकील कपाळाला हात लावून बसला.

तुरुंगात जाईपर्यंत त्याला ठाण्याच्या कोठडीत ठेवलंय. दारावर एक हवालदार असतो, वयाने त्याच्याएवढाच, कंबरदुखीने हैराण. दोघं गुडघा आणि कंबर यांवर बोलतात. तपासासाठी हवालदार बायकोच्या त्या गटात शिरला होता, तो अजून आहे. त्याला आवडायला लागलंय. तो सांगतो, मध्यंतरी माणसं बिचकली होती, आता मारणारा सापडला म्हटल्यावर डोंगर मोकळा झालाय. रविवारी रांग असते.

आज रविवार. बारा वाजायला वीस मिनिटं असताना हवालदाराचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि हसला. म्हणाला, "ऐका. तुमच्या डोंगरावरून एका बाईने आत्ताच टाकलंय." आणि मोठ्याने वाचलं:

"डबा सापडला. मी आणि हे. हे खाली गाडीत पेपर वाचत थांबणार होते, आणि बघते तर माझ्या आधी वर हजर. कुठल्या वाटेने आले, सांगतच नाहीत."

तो गजांशी आला. म्हणाला, त्या बाईला फोन लावा. तिच्या नवऱ्याला नको, तिला. तिला सांगा, त्याच्याशी बोलू नकोस, त्याच्याकडे बघू नकोस, धावत खाली ये. खाली गाडीत आहे तोच तुझा नवरा.

त्याचा आवाज चढला तसा हवालदार दोन पावलं मागे सरकला. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, गटाच्या मुख्य बाईंकडून घ्यावा लागेल, आणि साहेबांना विचारल्याशिवाय मला असं करता येणार नाही. साहेब जेवायला गेलेत. आले की विचारतो.

आता सव्वाबारा वाजलेत. साहेब अजून आलेले नाहीत. त्या बाईला फोन करायचा राहिला आहे.